हिमोफिलियाच्या पेशंटची दाढ काढायची आहे. कोल्हापुरात होईल, की मुंबई गाठावी लागेल?

तुम्ही लिहिलंय की भावाचं वय २३, वजन ६० किलो, हिमोफिलिया 'ए' (म्हणजे रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' हा घटक जन्मतःच कमी), त्याची पातळी ३ टक्के. खालची डावी दाढ किडून ठणकतेय. दोन डेंटिस्टनी हात लावायला नकार दिला आणि तिसरे म्हणाले, "बीटी-सीटी करून आणा, नॉर्मल आली की लगेच काढून देतो." नकार देणाऱ्या दोघांवर चिडू नका. मला काळजी वाटते ती या तिसऱ्यांची.

मी राजारामपुरीत चोवीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय. बीटी-सीटीची चिठ्ठी मीही शेकड्यानं लिहिली आहे, कारण कॉलेजपासून तो हात बसलेला असतो. पण ती तपासणी नेमकं काय बघते ते बघा. बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचायचं आणि टिपकागदावर डाग उमटायचे थांबेपर्यंत घड्याळ बघायचं. त्यात कळतं ते प्लेटलेट्सचं काम. हिमोफिलियात प्लेटलेट्स धडधाकट असतात, त्यामुळे बीटी नॉर्मलच येते. सीटीमध्ये काचेच्या नळीत रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतात. फॅक्टर अगदीच नसल्यासारखा असेल तरच तो वेळ वाढतो. तुमच्या भावासारखा ३ टक्केवाला त्यातून आरामात पास होऊन बाहेर येईल, हातात 'नॉर्मल' लिहिलेला कागद घेऊन. संशय असताना बघायची ती एपीटीटी ही रक्त गोठण्याची दुसरी तपासणी, आणि तीसुद्धा सौम्य आजारात कधीकधी फसवते. खरं उत्तर फॅक्टरच्या पातळीत असतं. ते तुमच्याकडे आधीच आहे. मग बीटी-सीटी कशाला?

माझं तोंड पोळलंय म्हणून एवढं ठासून सांगतोय. दवाखाना टाकून दोन-अडीच वर्षं झाली होती. कागलकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा, वरची उपदाढ. "काही आजार?" "नाही." बीटी-सीटी नॉर्मल. दात दहा मिनिटांत निघाला, रक्त छान थांबलं, आणि मी स्वतःवरच खूश. चौथ्या रात्री अडीच वाजता फोन. पलीकडे त्याची आई. "डॉक्टर, उशी सगळी भिजलीया. अन् तोंडात काळजासारखं कायतरी आलंय."

ते काळजासारखं मी त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. दाताच्या खड्ड्यातून वर आलेली, जिभेवर टेकलेली, गडद जांभळी, थुलथुलीत गुठळी. पुस्तकात तिला लिव्हर क्लॉट, म्हणजे काळजासारखी गुठळी, म्हणतात, त्या माउलीनं न वाचता तेच नाव दिलं होतं. अशी गुठळी बघून वाटतं की रक्त गोठलंय, चला, हात लावायला नको. उलट आहे. ती गुठळी कच्ची असते आणि तिच्या कडेनं रक्त पाझरतच राहतं. ती काढली, गॉज दाबला, टाके घातले, पुन्हा दाबला. पाझर थांबेना. पहाटे त्याला मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, क्रायोच्या (रक्तदात्याच्या प्लाझ्मातून काढलेल्या, फॅक्टर आठ असलेल्या भागाच्या) पिशव्या चढल्या तेव्हा कुठं थांबलं. रिपोर्ट आला: फॅक्टर आठ, ९ टक्के. सौम्य हिमोफिलिया, एकोणीस वर्षं कुणालाच पत्ता नाही. कॉरिडॉरमध्ये आई म्हणाली, "माझा भाऊ ल्हान असताना सायकलवरनं पडला हुता. पोटात रगत साठून गेला." हे मी आधी विचारलंच नव्हतं. 'काही आजार आहे का' याचं उत्तर लोक 'नाही' असंच देतात, कारण त्यांच्या लेखी मामाचं मरण हा त्यांचा आजार नसतो.

त्या दिवसापासून माझा प्रश्न बदलला. दुधाचे दात पडताना रक्त किती वेळ यायचं? खेळताना गुडघा टरटरून सुजायचा का? आईच्या बाजूला, मामा किंवा मावशीच्या मुलांत, असं कुणाला? बाईमाणूस असेल तर पाळीत किती दिवस जातं, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का? हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. रक्त न थांबण्याचा आजार म्हणजे फक्त पुरुषांचा, असा समज आहे. वॉन विलेब्रँड (रक्त थांबवणाऱ्या दुसऱ्या एका घटकाचा दोष) हा आजार बायका-पुरुष दोघांनाही होतो आणि जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत तोच सगळ्यांत जास्त आढळतो. त्याचा तीव्र प्रकार आणि ग्लांझमनसारखे प्लेटलेट्सचे विकार व्हायला आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. आपल्याकडं मामाची पोरगी करायची रीत आहे, त्यामुळे आतेमामे लग्नाच्या घरांत हे थोडं जास्त जागरूकपणे विचारावं लागतं. बोलायला अवघड जातं, पण विचारतो.

आता चौथी रात्रच का? हे एकदा समजलं की बाकी सगळी तयारी आपोआप समजते. जखम झाली की आधी प्लेटलेट्स जाऊन बूच मारतात. तुमच्या भावाचं ते काम ठीक आहे, म्हणून दात काढल्यावर रक्त थांबलेलं दिसतं आणि डॉक्टर, पेशंट दोघंही फसतात. त्या बुचावर नंतर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, तेव्हा ते पक्कं होतं. फॅक्टर आठ लागतो तो या विणकामाला. तो कमी म्हणजे जाळं विरळ. त्यात तोंडाची गोष्टच निराळी. लाळेतच गुठळी विरघळवणारे घटक असतात, शिवाय जीभ तिथं सारखी चाळवत असते. हाताची जखम कोरडी ठेवता येते, तोंडाची कशी ठेवणार? मग काही तासांनी, किंवा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, विरळ जाळं सुटतं.

म्हणून आमच्यापुढं दोन कामं असतात. जाळं विणायला फॅक्टर द्यायचा, आणि विणलेलं विरघळू द्यायचं नाही. दुसऱ्या कामाला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध. जपानमधल्या ओकामोटो पती-पत्नींनी १९६२ मध्ये ते पुढं आणलं. बाळंतपणानंतर रक्तस्रावानं बायका दगावतात हे उटाको ओकामोटोंना सलत होतं. आज ते कुठल्याही मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतं आणि माझ्या मते दंतवैद्याच्या हाती यापेक्षा मोलाचं औषध या पेशंटसाठी दुसरं नाही. साधारण तुमच्या भावाच्या वजनाच्या माणसाला १ ग्रॅम, दिवसातून ३ वेळा, दात काढायच्या आधीपासून सुरू करून पुढं ५ ते ७ दिवस. शिवाय त्याच्याच चुळा. ५ टक्क्यांचं तयार द्रावण मिळालं नाही तर ५०० मिलिग्रॅमची गोळी बारीक करून १० मिली पाण्यात कालवायची. तेच ५ टक्के झालं. दिवसातून ४ वेळा, २ मिनिटं तोंडात नुसतं धरायचं, खळखळवायचं नाही आणि पचकन थुंकायचंही नाही. वाकून ओघळू द्यायचं. लघवीतून रक्त जात असेल किंवा किडनीचं दुखणं असेल तर आधी सांगा. तेव्हा हे औषध असं सरळ देत नाहीत.

फॅक्टरचा डोस हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) ठरवतात, मी नाही आणि तुम्हीही नाही. पण हिशोब माहीत असलेला बरा, म्हणजे ऐनवेळी 'एकच बाटली मिळाली' असं कुणी म्हणालं तर ती पुरेल का ते कळेल. फॅक्टर आठचं १ युनिट दर किलोमागं दिलं की पातळी सुमारे २ टक्क्यांनी चढते. ६० किलोच्या माणसाला पातळी ५० टक्क्यांनी वर न्यायची म्हणजे १५०० युनिट. हिमोफिलिया 'बी' असता तर फॅक्टर नऊच्या १ युनिटला जेमतेम १ टक्का, म्हणजे दुप्पट लागलं असतं. (आणि 'बी'मध्ये क्रायोचा उपयोग नाही, कारण क्रायोत फॅक्टर नऊ नसतो. धावपळीत ही चूक होऊ शकते, म्हणून घरच्यांनीच प्रकार पाठ करून ठेवावा.) दिलेला फॅक्टर आठ ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो. त्यामुळे इंजेक्शन सकाळी वॉर्डात घेतलं आणि दाढ संध्याकाळी काढली, असं चालत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या आत मी खुर्चीत काम सुरू केलेलं असतं.

डोसाआधी एक गोष्ट नक्की विचारा: इनहिबिटर तपासलंय का, आणि कधी? काही पेशंटचं शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजून त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. मग कितीही फॅक्टर ओता, वाया जातो. अशांना वेगळी औषधं लागतात आणि ते काम माझ्यासारख्याच्या दवाखान्यातलं राहत नाही. भाऊ एमिसिझुमॅबच्या (फॅक्टर आठऐवजी त्याचं काम करणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनवर असेल तर तेही सांगा. त्यावर असताना एपीटीटी छान नॉर्मल दिसते आणि तिला काही अर्थ नसतो.

सौम्य हिमोफिलिया 'ए' आणि वॉन विलेब्रँडच्या पहिल्या प्रकारात डेस्मोप्रेसिन नावाचं औषध अंगातलाच साठा बाहेर काढतं, बाहेरचा फॅक्टर लागत नाही. ३ टक्क्यांना त्याचा भरवसा धरू नये, म्हणून त्यात शिरत नाही.

आता दाढेकडं येऊ. खरं म्हणजे माझा पहिला प्रश्न आहे, ती काढायलाच हवी का? रूट कॅनलनं वाचत असेल तर वाचवा. नस काढताना दाताच्या आत काम चालतं, हाड-हिरडीला जखम नाही, रक्ताचा धोका कितीतरी कमी. पैसे जास्त जातील, दोन-तीन खेपा होतील, पण या भावासाठी तो सौदा फायद्याचा आहे. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून दाखवा, मुळं आणि हाड बघितल्याशिवाय कुणीच नक्की सांगू शकणार नाही.

काढायचीच ठरली तर खालच्या दाढेची खरी अडचण दात नाही, भूल आहे. खालच्या दाढांना नेहमी जबड्याच्या मागं, आत खोल सुई घालून ब्लॉक, म्हणजे अख्खी नस बधिर करणारी भूल, देतात. ती जागा सैल आहे आणि घशाला लागून आहे. तिथं शीर टोचली गेली तर रक्त साठत साठत श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो, आणि ते बाहेरून दिसतही नाही. दात नुसता बघायचा म्हणून कुणी फॅक्टर न देता ब्लॉक देत असेल तर खुर्चीतून उठा, इतकं स्पष्ट सांगतो. फॅक्टर देऊन ब्लॉक देता येतो. मी शक्यतो तोही टाळतो: आर्टिकेन हे भुलेचं औषध गालाच्या बाजूनं हिरडीत, नाहीतर दात आणि हाडाच्या फटीत बारीक सुईनं. थोडा वेळ जास्त लागतो. वरच्या दाताला हा प्रश्न सहसा येत नाही.

काढताना घाई नाही. मुळं वेगळी करून एकेक सोडवायचं, हाड कमीत कमी दुखवायचं, खड्ड्यातलं सडकं मांस साफ करायचं, कारण ते राहिलं तर तिथूनच पाझर धरतो. मग विरघळणारा जिलेटिन स्पंज किंवा सर्जिसेल नावाची विरघळणारी जाळी आत बसवायची आणि वरून टाके. काही जण म्हणतात टाक्याच्या सुईची भोकंही रक्त देतात, नको. मी घालतो. विरघळणारेच घालतो, म्हणजे काढायला पुन्हा जखम नको. त्यावर गॉज, अर्धा तास करकचून चावून. आणि मग माझ्याकडचा पेशंट घरी जात नाही. बाहेरच्या बाकावर तीन तास बसतो. परवाच एक जण 'पुढारी' पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून वैतागला होता. वैतागू दे. दर अर्ध्या तासानं मी बॅटरी मारून बघतो.

वार सोमवार किंवा मंगळवार, वेळ सकाळची. शुक्रवारी काढली तर ती अवघड तिसरी-चौथी रात्र रविवार-सोमवारवर येते, तेव्हा डॉक्टर गावाला आणि ब्लड बँकेत एकटा माणूस. एका बैठकीत एक दाढ, फार तर दोन.

घरी आल्यावर आठवडाभर तुमची पाळी. पहिले दोन दिवस गार आणि मऊ: ताक, गार केलेली पेज, आटवल, दहीभात. तांबडा-पांढरा आठ दिवस विसरायचा, मिसळ त्याहून जास्त. गरम वाफेनं शिरा फुगतात आणि तिखटाच्या कटातला मसाल्याचा कण खड्ड्यात बसला की जीभ त्याच्यामागं लागते. स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. खळखळून गुळण्या पहिला दिवस नाहीत. सारखं थुंकायचं तर अजिबात नाही. तोंडात लालसर लाळ आली की माणूस घाबरून थुंकतो आणि त्याच ओढीनं गुठळी सैल होते. गिळा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा. खड्ड्यात मिश्री, कॉफी पावडर, हळद यातलं काहीही कोंबायचं नाही. मिश्री भरलेला खड्डा मी साफ केलाय. आजी प्रेमानंच भरते, पण निस्तरायला मला तास लागतो.

दुखलं तर पॅरासिटामॉल, फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही सगळी प्लेटलेट्सचं काम बिघडवतात, म्हणजे भावाच्या अंगातली जी एक बाजू शाबूत आहे तीच पाडतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल असतं हे खरं, पण जोडीला आयब्युप्रोफेन असतं. मेडिकलवाला 'दातदुखीची द्या' म्हटल्यावर काय देईल सांगता येत नाही, गोळीची पट्टी स्वतः वाचा.

पाझर सुरू झालाच, तर नुसतं गॉज बदलत बसू नका. स्वच्छ गॉज ट्रॅनेक्झॅमिकच्या पाण्यात भिजवून घडी करून अर्धा तास न सोडता चावायचा, बसून, आडवं न होता. त्यानंतरही येत असेल, किंवा ते काळजासारखं दिसलं, तर फोन. गळ्याला सूज, गिळताना अडखळणं, आवाज घोगरा होणं यातलं काहीही झालं तर फोनसुद्धा नको, सरळ कॅज्युअल्टी.

आता कोल्हापूर की मुंबई. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, रक्ताच्या तपासण्यांसाठी ते नाव खरंच मोठं. इनहिबिटर निघालं तर विचार न करता मुंबईच. पण इनहिबिटर नसेल, तर नुसत्या दाढेसाठी मुंबई गाठणं मला पटत नाही, आणि कारण पुन्हा तेच, चौथी रात्र. दाढ मंगळवारी काढली, गुरुवारी बरं वाटलं म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली आणि मिरजेच्या अलीकडं उशी भिजली, तर काय करणार? जायचंच असेल तर आठ दिवस तिथं राहायची सोय करून जा. नाहीतर इथं, जिथून हॉस्पिटल रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आधी जाऊन विचारा: फॅक्टर आठ या आठवड्यात शिल्लक आहे का, किती युनिट, आणि दुसऱ्या डोसाला पुरेल का. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळू शकतो, पण 'मिळतो' आणि 'आज कपाटात आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. साठा हातात आल्याशिवाय डेंटिस्टची तारीख घेऊ नका. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आहे. प्रमाणपत्र काढलं नसेल तर त्याच खेपेत चौकशी करा.

ज्या दोघांनी नकार दिला त्यांच्यापैकी एकाकडं पुन्हा जा. यावेळी हातात हिमॅटॉलॉजिस्टची चिठ्ठी, इनहिबिटरचा रिपोर्ट आणि ओपीजी घेऊन. बहुतेकदा नकार हा पेशंटला नसतो, रिकाम्या हातानं आलेल्या पेशंटला असतो. मी स्वतः असे दोन परत पाठवलेत आणि पुढच्या आठवड्यात त्यांचीच दाढ काढली आहे.

आज रात्री ठणकलं तर पॅरासिटामॉल द्या, बाहेरून बर्फ धरा. गाल सुजून ताप आला तर ही सगळी वाट न बघता उद्या सकाळीच दाखवा. पू झाल्यावर रक्त सांभाळणं दुप्पट अवघड होतं. आणि ओपीजी काढलात की इथंच खाली टाका, रूट कॅनलला जागा आहे का ते बघून सांगतो.